दिवा पेटत नाही म्हणून रिसीव्हर परत करायचा नसतो

रविवारी सकाळी दाजींचा फोन. नवीन रिसीव्हर, म्हणजे प्लेअरकडून आवाज घेऊन स्पीकरना देणारा होम थिएटरचा डबा, घेऊन चारच दिवस झालेले आणि आवाजात फसवलं गेल्याचा सूर. "अरे, हा बदलून आणावा लागतोय बहुतेक. डिस्कच्या डब्यावर स्वच्छ लिहिलंय डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, आणि ह्याच्या डिस्प्लेवर नुसतं मल्टी सीएच असं काहीतरी येतंय. दिवाच पेटत नाही त्याचा."

मी विचारलं, आवाज सगळ्या स्पीकरमधून येतोय का? तर म्हणे येतोय की, मागून पाऊस पडतोय असं वाटतंय, तुझी ताई खिडकी लावायला उठली होती. मग बिघडलं काय? "अरे पण दिवा?"

हे दिव्याचं प्रकरण, म्हणजे डिस्प्लेवर आवाजाच्या प्रकाराचं नाव पेटतं की नाही, मला अधूनमधून कुणी ना कुणी विचारतंच, शब्द वेगळे असतात एवढंच. कुणी म्हणतं प्लेअर बिटस्ट्रीमवर ठेवू की पीसीएमवर, कुणी म्हणतं डीकोडिंग प्लेअरनं करायचं की रिसीव्हरनं, कुणी डायरेक्ट विचारतं की पैसे कशात घालू, भारी प्लेअर घेऊ का भारी रिसीव्हर. एकदा नीट लिहून टाकतो म्हणजे पुढच्या वेळी ह्याचीच लिंक पाठवता येईल.

सगळा गोंधळ होतो तो दोन वेगवेगळ्या कामांना आपण एकच नाव देतो म्हणून. डिस्कवर आवाज असतो तो आकड्यांच्या रूपात, आणि जागा वाचावी म्हणून ते आकडे दाबून, घडी घालून ठेवलेले असतात. पहिलं काम म्हणजे ती घडी उलगडायची, ह्याला डीकोडिंग म्हणायचं. उलगडल्यावर हातात येतात ते साधे सरळ आकडे, त्याचं नाव पीसीएम. घडी न उलगडता तशीच पुढे पाठवली तर ते बिटस्ट्रीम. दुसरं काम म्हणजे त्या आकड्यांपासून खरी वीज बनवायची, कमीजास्त होणारा व्होल्टेज, जो अँप्लिफायर मोठा करतो आणि स्पीकर हलवतो. हे काम करणाऱ्या चिपला डॅक म्हणतात. आता प्लेअरमध्ये डीकोडर पण असतो आणि डॅक पण असतो, रिसीव्हरमध्येही दोन्ही असतात, आणि कुठलं काम कोण करणार हे बऱ्याचदा तुम्ही नाही तर तुम्ही लावलेली वायर ठरवते.

हे वाक्य परत वाचा हवं तर, कारण पुढचं सगळं ह्यावरच आहे.

साध्या सीडीपासून सुरू करू. 1982 साली सीडी बाजारात आली तेव्हा उलगडायचा प्रश्नच नव्हता. सेकंदाला 44,100 वेळा मोजमाप, प्रत्येक मोजमाप 16 बिटचं, डावा-उजवा मिळून दोन चॅनेल, गुणाकार केला की सेकंदाला 14,11,200 बिट, ते जसेच्या तसे डिस्कवर. म्हणजे सीडीवर थेट पीसीएमच असतं. तिथं डीकोडिंग हा शब्दच गैरलागू आहे, प्रश्न फक्त डॅक कुणाचा वापरायचा एवढाच, त्याच्याकडे नंतर येतो.

डीव्हीडी आली आणि सहा चॅनेल आले, म्हणजे पुढे तीन, मागे दोन आणि सबवूफरचा, म्हणजे खर्जाच्या स्पीकरचा, एक. चित्रपटाचं चित्रही त्याच डिस्कवर बसवायचं, मग आवाजाला जागा कुठली? म्हणून आवाज दाबून ठेवायच्या पद्धती आल्या, डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस. डॉल्बी डिजिटल डीव्हीडीवर सेकंदाला जास्तीत जास्त 448 किलोबिटमध्ये सहा चॅनेल बसवतं. म्हणजे सीडीच्या दोन चॅनेलना जेवढी जागा लागते तिच्या तिसऱ्या हिश्श्यात सहा चॅनेल! हे नुसतं घडी घालून जमत नाही, काही सामान घरीच ठेवावं लागतं. कानाला ऐकूच येणार नाही असं वाटतं ते काढून टाकायचं आणि बाकीचं भरायचं. ब्ल्यू-रे 2006 मध्ये आली तेव्हा जागा भरपूर झाली, मग डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ आले, ह्यात काहीच काढून टाकत नाहीत. म्हणजे पैठणीची घडी घालून ट्रंकेत ठेवली. ती ताईनं उलगडली काय, वहिनीनं उलगडली काय, पैठणी तीच, मोर तेवढेच. लॉसलेस म्हणतात ते हेच. प्लेअरनं उलगडा नाहीतर रिसीव्हरनं, बिट न बिट तोच बाहेर येतो, निदान यायला हवा. म्हणून कुणी सांगितलं की अमक्या कंपनीचा डीकोडर जास्त गोड वाजतो तर हसून सोडून द्यायचं.

आता वायरी.

ऑप्टिकल म्हणजे ती टोकाला लाल दिवा दिसणारी, तोशिबानं 1983 च्या सुमाराला काढलेली, आणि तिचीच सख्खी बहीण कोॲक्सियल. ह्या दोन्हीतून एक तर दोन चॅनेलचं पीसीएम जातं, नाहीतर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसची घडी जाते. उलगडलेले सहा चॅनेल मावतच नाहीत. आणि इथंच लोक सगळ्यात जास्त आपटतात. ऑप्टिकल लावलेली असते आणि प्लेअरच्या मेनूमध्ये पीसीएम ठेवलेलं असतं, मग प्लेअर काय करतो तर इमानदारीत सहाचे दोन करून पाठवतो, आणि मागचे स्पीकर मुके. मग रिसीव्हरला शिव्या, दुकानदाराला शिव्या. ऑप्टिकल किंवा कोॲक्सियल असेल तर बिटस्ट्रीम, ह्यात चर्चेला जागा नाही. हां, ट्रूएचडी आणि मास्टर ऑडिओ ह्या वायरीतून जात नाहीत, पण त्यांच्या सोबत डिस्कवर साधी आवृत्तीही असते, डॉल्बी डिजिटल 640 किलोबिटपर्यंत किंवा डीटीएस 1,509 किलोबिटपर्यंत, ती जाते. आणि खरं सांगायचं तर ती काही वाईट नसते, डीव्हीडीपेक्षा सरसच. जुना रिसीव्हर असेल आणि नवा घ्यायला पैसे नसतील तर एवढ्यावर सुखानं पिक्चर बघता येतात. ऑप्टिकलचा आणखी एक फायदा कुणी सांगत नाही. त्यातून उजेड जातो, वीज जात नाही, म्हणून केबल टीव्हीच्या किंवा अर्थिंगच्या घोळानं स्पीकरमधून जो हूंऽऽऽ असा 50 हर्ट्झचा सूर लागतो तो निदान ह्या वायरीतून घरात शिरत नाही.

एचडीएमआय ही मात्र हायवे आहे. पहिल्या आवृत्तीपासूनच, म्हणजे 2002 च्या डिसेंबरपासून, तिच्यातून आठ चॅनेलचं उलगडलेलं पीसीएम जाऊ शकतं. घडी न उलगडता ट्रूएचडी आणि मास्टर ऑडिओ पाठवायची सोय मात्र 2006 च्या 1.3 आवृत्तीत आली. ह्या दोन तारखांच्या मधल्या काळात जे रिसीव्हर विकले गेले त्यांना ही घडी उलगडता येत नाही, पण उलगडलेलं सामान ते घेऊ शकतात, त्यांच्यासाठी प्लेअरनं डीकोड करणं हा जुगाड नाही, तो राजमार्ग आहे.

अर्थात एचडीएमआयचं भोक आहे म्हणजे आवाज घेतोच असंही नाही, हे मी स्वतः पैसे घालवून शिकलोय. माझा पहिला रिसीव्हर. दुकानात विचारलं, "एचडीएमआय आहे ना?" "आहे ना साहेब, दोन इन एक आऊट." घरी आणला, प्लेअर लावला, टीव्हीवर झकास चित्र, रिसीव्हरमधून चिडीचूप. दोन तास वायरी उलटसुलट करून झाल्या, शेवटी मॅन्युअल उघडलं तर तिथं बारीक अक्षरात लिहिलेलं की हे एचडीएमआय फक्त पास-थ्रू आहे, आवाजासाठी वेगळी वायर लावावी. म्हणजे आपल्या गल्लीतून जाणारी एसटी, पण थांबा नाही. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, तुम्ही आहे का विचारलं, आवाज घेतो का विचारलं नाही! जुना सेट घेत असाल, लॅमिंग्टन रोडवरून असो नाहीतर बुधवार पेठेतून, तर मॉडेलचं मॅन्युअल आधी नेटवर काढून हे एवढं बघाच.

तर दाजींकडे काय होतं? प्लेअर ते रिसीव्हर एचडीएमआय, प्लेअरच्या मेनूत पीसीएम. म्हणजे घडी प्लेअरनं उलगडली आणि पैठणी हायवेनं रिसीव्हरकडे गेली. रिसीव्हरला समोर फक्त पैठणी दिसते, ती कुठल्या ट्रंकेतून निघाली त्याला काय माहीत, म्हणून तो आपला मल्टी सीएच लिहितो. दिवा म्हणजे आवाजाचं सर्टिफिकेट नाही, उलगडण्याचं काम माझ्याकडे आलं एवढंच तो सांगतो. आणि गंमत बघा, डॅक दोन्ही वेळी रिसीव्हरचाच. एचडीएमआय असताना तुम्ही बिटस्ट्रीम निवडा की पीसीएम, आकड्यांची वीज शेवटी रिसीव्हरच बनवतो. म्हणून भारी डॅकवाला प्लेअर घेऊन तो एचडीएमआयनं लावणाऱ्या माणसानं त्या डॅकचे पैसे अक्षरशः पाण्यात घातलेले असतात.

ह्या दिव्यावरून एके काळी लोक काय भांडलेत. प्लेस्टेशन 3 चं पहिलं जाडं मॉडेल ट्रूएचडीची घडी तशीच पाठवू शकायचं नाही, स्वतःच उलगडून पीसीएम पाठवायचं, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ उलगडायला तर ते 2008 मध्ये अपडेट आल्यावर शिकलं. दिवा काही पेटायचा नाही. मग 2009 मध्ये बारीक मॉडेल आलं, ते घडी तशीच पाठवायचं, आणि नुसता दिवा पेटतो म्हणून जाडं विकून बारीक घेणारे लोक होते. आवाज तोच. असो, माणसाला समाधान कशात मिळेल सांगता येत नाही.

मग एचडीएमआय असताना काहीच फरक नाही का? आहे, आणि तिथं मात्र निवड करायला लागते.

सगळ्यात मोठा फरक ॲटमॉसचा. डॉल्बी ॲटमॉस 2012 ला थिएटरमध्ये आलं आणि 2014 ला घरात. जुन्या पद्धतीत डिस्कवर लिहिलेलं असायचं की हा आवाज डाव्या स्पीकरला, हा मागच्या उजव्याला. ॲटमॉसमध्ये त्यावर आणखी एक माहिती असते की हेलिकॉप्टर आत्ता खोलीत इथं आहे, डोक्याच्या जरा मागं, आणि असं असं सरकतंय. आता ते हेलिकॉप्टर नेमकं कुठल्या स्पीकरमधून वाजवायचं हे ठरवायला तुमच्याकडे किती स्पीकर आहेत, छताला दोन टांगलेत की चार, हे माहीत पाहिजे. प्लेअरला ते माहीतच नाही! त्याच्या लेखी तुमचा हॉल म्हणजे एक वायर. ते माहीत असतं रिसीव्हरला. म्हणून ब्ल्यू-रे प्लेअरला पीसीएमवर ठेवलं की तो खालचे सात चॅनेल आणि सब नीट उलगडून देतो, पण हेलिकॉप्टर कुठं आहे ती चिठ्ठी वाटेतच गळून पडते. आवाज हरवत नाही बरं का, हेलिकॉप्टर ऐकू येतंच, पण छतावरून न जाता कपाटामागून जातं. डीटीएस:एक्सचंही तेच. छताला स्पीकर लावले असतील तर बिटस्ट्रीमच. (ॲपल टीव्हीचा 4के बॉक्स स्वतः उलगडूनही ही चिठ्ठी वेगळ्या पद्धतीनं सोबत पाठवतो, तो अपवाद, त्यामुळे शेजाऱ्याकडे पीसीएमवर ॲटमॉस चालतंय असं दिसलं तर चक्रावू नका.)

दुसरं म्हणजे डिस्कचा आगाऊपणा. ब्ल्यू-रेवर पिक्चर चालू असताना दिग्दर्शकाची बडबड वरून ऐकायची सोय असते, मेनूमध्ये बटण दाबलं की टिक् वाजतं. हे जास्तीचे आवाज मूळ आवाजात मिसळायचे तर आधी सगळं उलगडावं लागतं, ते उलगडतो प्लेअर. मग तुम्ही बिटस्ट्रीम निवडलेलं असलं तरी तो बिचारा काय करतो, उलगडतो, टिक् मिसळतो आणि परत घडी घालतो, ती सुद्धा साध्या डॉल्बी डिजिटलची किंवा साध्या डीटीएसची. म्हणजे एका टिक्पायी लॉसलेस गेलं. मेनूमध्ये सेकंडरी ऑडिओ किंवा बीडी ऑडिओ मिक्स अशा नावाचं एक सेटिंग सापडेल, बिटस्ट्रीम वापरणार असाल तर ते ऑफ. पीसीएमवर ठेवणार असाल तर चालू राहिलं तरी हरकत नाही, कारण परत घडी घालायचीच नसते.

तिसरं, आवाज बसवण्याचं काम दोघांनी करू नये. लहान स्पीकरना खर्ज झेपत नाही म्हणून साधारण 80 हर्ट्झच्या खालचा भाग सबवूफरकडे वळवतात, आणि कुठला स्पीकर किती लांब आहे ते बघून जवळच्याला जरा थांबवतात. आवाजाला 34 सेंटीमीटर जायला साधारण एक मिलीसेकंद लागतो, म्हणजे एखादा स्पीकर मीटरभर जवळ असेल तर त्याचा आवाज तीन मिलीसेकंद आधी पोचतो आणि सगळं चित्र त्याच्याकडे ओढलं जातं. हे दोन्ही रिसीव्हर करतो. पण प्लेअरच्या मेनूमध्ये पण स्पीकर सेटअप असतो, स्मॉल-लार्ज, अंतरं, सगळं, आणि उत्साही माणूस ते पण भरून टाकतो. प्लेअर डीकोड करत असेल तर मग खर्ज दोनदा कापला जातो आणि मधेच एक खड्डा पडतो, ढोल वाजतो पण घुमत नाही. प्लेअरमध्ये सगळे स्पीकर लार्ज, अंतरं सारखी, सगळे चॅनेल चालू, आणि मग त्या पानाकडे बघायचंही नाही.

आणि रात्रीचा मोड. संवाद ऐकू यावेत आणि स्फोटानं शेजारचे काका उठू नयेत म्हणून मोठा आवाज लहान आणि लहान मोठा करतात, त्याला डायनॅमिक रेंज कंट्रोल किंवा नाईट मोड म्हणतात. हाही दोन्हीकडे असतो. कित्येक प्लेअरमध्ये तो कंपनीतूनच ऑटोवर येतो, मग पीसीएमवर ठेवलं की आवाज जरा सपाट वाटतो आणि माणूस ठरवून टाकतो की प्लेअरचा डीकोडर भिकार आहे. डीकोडर भिकार नसतो, हा मोड चालू असतो. प्लेअरमध्ये ऑफ करा, रात्री पाहिजे तेव्हा रिसीव्हरच्या रिमोटवरून लावा.

ह्यालाच धरून अजून एक, कारण हे न कळल्यामुळे लोकांनी वर्षानुवर्षं वाद घातलेत. डॉल्बीच्या आवाजात संवाद किती मोठे आहेत ह्याची नोंद असते आणि उलगडणारा त्याप्रमाणे एकूण आवाज खाली आणतो, चार-एक डेसिबल सहज. डीटीएसमध्ये बहुतेक वेळा तसं होत नाही. मग एकाच पिक्चरचे दोन ट्रॅक लागोपाठ लावले की डीटीएस दणदणीत वाटतं. अरे मोठा वाजतोय तो, चांगला नाही! कानाला जो मोठा तोच चांगला वाटतो, अर्ध्या-एक डेसिबलचा फरक असला तरी फसतो माणूस. तुलना करायचीच असेल तर आधी दोन्हींचा आवाज मोजून सारखा करा, मोबाईलवरचं साधं आवाज मोजायचं ॲपही चालेल, आणि मग बायकोला रिमोट देऊन डोळे मिटून ऐका. मी केलंय हे. एचडीएमआयवरून बिटस्ट्रीम आणि पीसीएम, दहा वेळा, मला काही ओळखता आलं नाही, आणि मी स्वतःला जाणकार समजत होतो.

आता डॅककडे, म्हणजे गाणी ऐकणाऱ्या लोकांकडे. ज्यांच्याकडे जुना चांगला सीडी प्लेअर आहे त्यांचा प्रश्न असा की लाल-पांढरी वायर लावून प्लेअरचा डॅक वापरू की ऑप्टिकलनं आकडे पाठवून रिसीव्हरचा? लोक म्हणतात प्लेअर भारी आहे, वापर त्याचा डॅक. ठीक, पण रिसीव्हरच्या पोटात काय होतं ते बघा. लाल-पांढऱ्या वायरीतून वीज आली. रिसीव्हरला खर्ज कापायचाय, अंतरं जुळवायचीयत, खोलीची दुरुस्ती, म्हणजे खोलीप्रमाणे आवाजाची दुरुस्ती, करायचीय, आणि ही सगळी कामं तो आकड्यांवरच करतो. म्हणून आलेल्या विजेचे तो परत आकडे बनवतो, कामं करतो, आणि स्वतःच्या डॅकनं परत वीज करतो. उसाचा रस काढला, त्याचा गूळ केला, गूळ पाण्यात कालवून परत रस म्हणून दिला. तुमच्या भारी डॅकची चव राहिली कुठं? ती राहायची तर रिसीव्हरवर डायरेक्ट किंवा प्युअर डायरेक्ट नावाचं बटण असतं ते दाबायचं, मग तो आकड्यांच्या भानगडीत न पडता आलेली वीज फक्त मोठी करतो. पण मग खोलीची दुरुस्ती गेली, आणि बऱ्याच रिसीव्हरमध्ये सबवूफरही गप्प बसतो.

खोलीची दुरुस्ती गेली म्हणजे काय गेलं हे आपल्याकडच्या हॉलमध्ये कळतं. गुळगुळीत टाईल्स, काचेचं शोकेस, एक भिंत पूर्ण मोकळी, टाळी वाजवली की ट्यँग करून परत येते. ऑडिसी, डिरॅक, यामाहाचं वायपाओ वगैरे जे माईक लावून खोली मोजतात आणि आवाज सुधारतात, त्यानं पडणारा फरक अशा खोलीत डॅकच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. माझं मत विचाराल तर आधी जमिनीवर एक जाड सतरंजी टाका, मग दुरुस्ती चालवा, मग उरलेल्या वेळात डॅकवर चर्चा करा. डॅक चिपच्या नावावर जीव टाकणाऱ्यांना 2020 आठवत असेल. ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये नोबेओकाला असाही कासेईचा चिपचा कारखाना जळाला, एकेएम नावाच्या चिप मिळेनाशा झाल्या, आणि काही कंपन्यांना दुसऱ्याच कंपनीच्या चिपवर सेट काढावे लागले. डोळे मिटून ऐकताना किती जणांना ते कळलं असेल ह्याची मला शंकाच आहे.

एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या गाण्यांच्या डिस्क, जमवणारे लोक थोडे, पण ते वाचत असतील तर त्यांच्यासाठी पटकन. एसएसीडी 1999 ची, तिचा खास आवाज पीसीएम नसतो, डीएसडी असतो, एकच बिट पण सेकंदाला 28,22,400 वेळा. तिचा खरा आवाज ऑप्टिकलमधून बाहेर पडूच देत नाहीत, कॉपी होऊ नये म्हणून, त्यामुळे पूर्वी सहा वेगवेगळ्या वायरी लावून प्लेअरचाच डॅक वापरावा लागायचा. सहा वायरींत एक उलटी लागली की गायक मागच्या कोपऱ्यातून गायचा. शिवाय त्या इनपुटवर कित्येक रिसीव्हर खर्ज वळवत नाहीत, आणि सबचा आवाज दहा डेसिबल कमी पडतो तो हातानं वाढवावा लागतो. 2005 च्या एचडीएमआय 1.2 पासून डीएसडी वायरीतून जायला लागलं, पण कित्येक रिसीव्हर दुरुस्तीची कामं करायला त्याचं पीसीएम करूनच घेतात. त्यामुळे इथं प्लेअरमध्ये पीसीएम निवडलं म्हणून पाप लागत नाही.

आजकाल प्लेअर थेट टीव्हीला आणि टीव्हीतून एआरसीनं, म्हणजे एचडीएमआयमधूनच आवाज उलटा पाठवायच्या सोयीनं, रिसीव्हर किंवा साऊंडबारला अशीही जोडणी घराघरात असते. तिथं लक्षात ठेवायचं की साध्या एआरसीमधून ट्रूएचडी आणि मास्टर ऑडिओ जात नाही, त्याला ईएआरसी, म्हणजे एआरसीचंच सुधारलेलं रूप, लागतं आणि ते टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडे लागतं. शिवाय मधला टीव्ही स्वतःची अक्कल चालवून सहाचे दोन करू शकतो. जमत असेल तर प्लेअर आधी रिसीव्हरला, मग चित्र टीव्हीला.

आणि पैसे? पिक्चरसाठी असेल तर प्लेअर साधा चालतो, बिट बाहेर काढणं हे काम आता स्वस्त प्लेअरही नीट करतात. उरलेले पैसे आधी स्पीकर, मग रिसीव्हर. सतत एसएसीडी किंवा सीडी ऐकणार असाल, तेही प्युअर डायरेक्टवर किंवा वेगळ्या स्टिरिओ अँपवर, तरच भारी डॅकवाला प्लेअर. ओप्पो डिजिटलनं 2018 मध्ये दुकान आवरतं घेतल्यापासून असले प्लेअर कमीच झालेत आणि ज्यांच्याकडे जुने प्लेअर आहेत ते सोडत नाहीत.

दाजींना मी फोनवरच हे निम्मं सांगितलं, पण दिव्याचं काही त्यांच्या डोक्यातून जाईना. शेवटी म्हटलं, छताला स्पीकर लावणार आहात का पुढंमागं? म्हणाले दिवाळीला विचार आहे. मग करा बिटस्ट्रीम. केलं. दिवा पेटला, पण त्यावर नुसतं डीटीएस, एचडी नाहीच! आता तर त्यांची खात्रीच पटली की सेट डुप्लिकेट आहे. म्हटलं मेनूत जा, ऑडिओमध्ये सेकंडरी काहीतरी दिसतंय का बघा. फोन स्पीकरवर, ताई मागून चष्मा आणून देतेय, रिमोटचे टिक् टिक् आवाज येतायत. ऑफ केलं, पिक्चर परत सुरू केला, आणि पलीकडून "आला!" असा आवाज आला, जसा काही दहावीचा निकाल लागला.

संध्याकाळी परत मेसेज. माळ्यावरून त्यांचा जुना सीडी प्लेअर काढलाय, पुसून ठेवलाय, त्याचा फोटो, आणि खाली प्रश्न की ह्याचं कसं करू. म्हटलं लाल-पांढरी वायर लावा, प्युअर डायरेक्ट दाबा, निवांत ऐका. आणि सबवूफर बंद पडला म्हणून मला रात्री फोन करू नका.